पेसमेकर बसवण्याआधी काकांचा विषय काढा

पत्र : माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीवर कामाला असतो. गेल्या दोन महिन्यांत तो दोनदा बसल्या जागी कोसळला. एकदा जेवणाच्या सुट्टीत, एकदा घरी पेपर वाचताना. होल्टर (दिवसभराचा ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावला तर दिवसा जागेपणी ४.२ सेकंद ठोकाच नाही, आणि झोपेत ठोके ३४ पर्यंत खाली. डॉक्टर म्हणाले, सिक सायनस आहे, पेसमेकर बसवू. पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. इको आणि थायरॉइड नॉर्मल आहेत. वडील म्हणतात, आपल्या घराची नाडी मंदच. त्यांची स्वतःची पन्नासच्या आतबाहेर असते, तरुणपणी तालमीत होते, त्यामुळे 'ही पैलवानाची नाडी' असं ते कौतुकाने सांगतात. पण माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, ३६व्या वर्षी झोपेतच गेले. दोन दिवस ताप होता. सगळे ॲटॅकच म्हणाले. भावाच्या आजाराचा आणि काकांच्या जाण्याचा काही संबंध असेल का? माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, मला रात्री झोप येत नाही. त्यात धाकट्या बहिणीचं लग्न आत्याच्या मुलाशी ठरत आलंय, म्हणून आई म्हणते, आत्ता यातलं कुठं काही बोलू नका. काय करू?

उत्तर : ताई, संबंध असू शकतो. आहे की नाही हे तपासल्यावरच कळेल, पण तुमचा प्रश्न अगदी वेळेवर पडला आहे, म्हणून बाकीचं सांगण्याआधी एक काम सांगते. आजच भावाच्या डॉक्टरांना फोन करा आणि तीन गोष्टी सांगा : काका ३६व्या वर्षी झोपेत गेले, तेव्हा त्यांच्या अंगात ताप होता, आणि वडिलांची नाडी पन्नासच्या आसपास असते. बहुधा हे त्यांच्या कानावर गेलेलंच नसेल. केसपेपर भरताना 'घरात कुणाला बीपी, शुगर?' एवढं विचारलं जातं, आपण 'नाही' म्हणतो आणि पुढचा पेशंट आत येतो.

तारीख रद्द करा असं मी म्हणत नाही. जागेपणी ४ सेकंद ठोका पडत नाही आणि माणूस कोसळतो, तेव्हा त्याच्या हृदयाला आधार लागणारच. तोवर भावाने मोटारसायकल चालवू नये, भट्टीवर जाऊ नये, विहिरीवर किंवा गच्चीच्या कडेला एकटं जाऊ नये. पुन्हा शुद्ध हरपली तर तारखेची वाट न बघता थेट दवाखान्यात न्या.

आता संबंध कसा असू शकतो ते.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, जिथे वरची महाशीर येऊन मिळते, तिथे सायनस नोड नावाचा पेशींचा छोटासा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या संशोधकांनी १९०७ मध्ये त्याचं वर्णन केलं. या पेशी कुणाच्या हुकमाची वाट न बघता आपणहून विजेची ठिणगी टाकतात, आणि ती सगळ्या हृदयभर पसरली की एक ठोका पडतो. दिवसाकाठी साधारण एक लाख वेळा हे घडतं. ही वीज म्हणजे सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण पेशीच्या आतबाहेर जाणं. त्यांना जाण्यायेण्यासाठी पेशीच्या आवरणात दारं असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. प्रत्येक दार हे एक प्रथिन, आणि ते कसं घडवायचं याचा नकाशा जनुकात. नकाशात चूक असेल तर ती बापाकडून किंवा आईकडून लेकराकडे येते.

सायनस नोड थकणं हा एरवी उतारवयाचा आजार. साठी-सत्तरीनंतर त्या पुंजक्यात तंतू वाढतात, पेशी कमी होतात, आणि पेसमेकर बसवून माणसं पुढची कित्येक वर्षं मजेत काढतात. सत्तरीच्या आजोबांना 'सिक सायनस' सांगितलं की निदान पुरं झालं. ३१ वर्षांच्या मुलाला तेच सांगणं म्हणजे 'याला ताप आहे' म्हणण्यासारखं आहे. ताप आहे हे खरंच, तो कशाचा हे अजून शोधायचं आहे. इको चांगला, थायरॉइड चांगलं, आणि ठोके मंदावणारी बीपीची वगैरे गोळी चालू नसेल (हे एकदा विचारून घ्या), तर तरुण वयात सायनस नोड बिघडण्यामागे घराण्यातून आलेलं कारण आहे का, हे बघायलाच हवं.

आणि वडिलांची पैलवानाची नाडी. त्यांच्या अभिमानाला धक्का लावायला मलाही जड जातंय. जोर-बैठका आणि कुस्तीने हृदय कसदार होतं, विश्रांतीत कमी ठोक्यांत भागवतं, हे खरं आहे. पण व्यायाम सुटला की ही मंद नाडी सहसा वर्षा-दोन वर्षांत वर येते. तालीम सोडून वडिलांना किती वर्षं झाली? शिवाय कसलेल्या माणसाची नाडी श्रमाबरोबर झपझप चढते. दोन जिने चढून आल्यावर वडिलांची नाडी पासष्टच्या पुढे जात नसेल, तर ती तालमीची कमाई नव्हे. त्यांचाही ईसीजी आणि होल्टर व्हायला हवा.

आता काकांकडे येऊ. माझ्या मनात पहिली शंका येते ती सोडियमच्या दाराची. त्याचा नकाशा एससीएन५ए नावाच्या जनुकात असतो. सायनस नोडच्या मधल्या भागात ही दारं फारशी नसतात, तिथली ठिणगी कॅल्शियमवर चालते. पण नोडच्या कडेला, जिथून ठिणगी बाहेरच्या स्नायूत उतरते, तिथे सोडियमची दारं लागतात. विहिरीवरची मोट आठवा. पाणी वर आलं, थारोळ्यात पडलं, पण पाटाचं तोंड बुजलेलं असेल तर शेत कोरडंच राहतं. तसंच इथे ठिणगी पडते, पण ती बाहेर निघत नाही. ईसीजीवर मात्र ठोका थांबलेला दिसतो आणि आपण म्हणतो, नोड आजारी आहे.

हीच सोडियमची दारं हृदयाच्या खालच्या कप्प्यांतही असतात, आणि तिथे ती अपुरी पडली की धोक्याचं रूप वेगळं असतं. ठोका थांबण्याऐवजी खालचा कप्पा अचानक बेलगाम थरथरू लागतो, रक्त पुढे ढकललं जात नाही, आणि काही मिनिटांत सगळं संपतं. पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या भावांनी १९९२ मध्ये अशा ८ रुग्णांचं वर्णन केलं, म्हणून याला ब्रुगाडा सिंड्रोम म्हणतात. १९९८ मध्ये त्याचा धागा याच एससीएन५ए जनुकाशी जुळला. हा धोका बहुतेक वेळा धावपळीत येत नाही. तो विश्रांतीत येतो, झोपेत येतो, भरपेट जेवणानंतर येतो, आणि ताप चढलेला असताना येतो, कारण काही बिघडलेली दारं तापात आणखी कमी काम करतात. पुरुषांमध्ये हा जास्त दिसतो. थायलंड, फिलिपिन्स आणि जपानमध्ये धडधाकट तरुण पुरुष रात्री झोपेत जाण्याच्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जात, त्याला तिथल्या बोलीत वेगवेगळी नावं होती. त्यातल्या बऱ्याच मृत्यूंमागे हाच आजार होता हे पुढे लक्षात आलं.

काकांना ताप होता आणि ते झोपेत गेले, हे वाचून मी म्हणूनच थबकले. तरीही ताई, एवढ्यावरून निकाल देता येत नाही. आपल्याकडे पस्तिशीतही रक्तवाहिनी बुजून खरा ॲटॅक येतो. तापाबरोबर हृदयाच्या स्नायूला सूज येऊनही माणूस जाऊ शकतो. काका तंबाखू किंवा विडी-सिगारेट घेत होते का, त्या दोन दिवसांत छातीत दुखत होतं का, दम लागत होता का, पोस्टमार्टेम झालं होतं का, हे काकूंना हळुवारपणे विचारा. आणखी एक विचारा : याआधी कधी झोपेत विचित्र घोरल्यासारखा, आचके दिल्यासारखा आवाज करून ते जागे झाले होते का? पूर्वी कधी त्यांना फीट आली म्हणून गोळ्या दिल्या होत्या का? हृदयाच्या लयीच्या अशा आजारात मेंदूला रक्त न पोचल्यामुळे आचके येतात आणि घरचे त्याला मिरगी समजतात.

एकाच घरात मंद नाडी आणि झोपेतले मृत्यू एकत्र कसे दिसतात, याचं सगळ्यांत नीट अभ्यासलेलं उदाहरण हॉलंडमधलं आहे. तिथल्या एका मोठ्या घराण्यात पिढ्यांमागून पिढ्या माणसं रात्री झोपेत जात होती. १९९९ मध्ये त्या सगळ्यांच्या एससीएन५ए जनुकात एकच चूक सापडली. त्यांच्या ईसीजीवर ब्रुगाडाची खूण होती, क्यूटी नावाचं अंतर (एका ठोक्यानंतर खालचे कप्पे पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबलेलं होतं, आणि नाडी मंद होती. त्याआधी हे तीन निरनिराळे आजार मानले जात. या घराण्याने दाखवलं की एकाच दाराच्या बिघाडाला तीन तोंडं असू शकतात, आणि कुणाच्या वाट्याला त्यातलं कुठलं येईल हे एका घरातसुद्धा सारखं नसतं. भावाच्या वाट्याला थांबणारा ठोका, वडिलांच्या वाट्याला नुसती मंद नाडी, आणि काकांच्या वाट्याला ती रात्र, असं होऊ शकतं.

याचा पेसमेकरशी काय संबंध, ते आता सांगते, कारण फोन आजच करा म्हणण्याचं कारण तेच आहे. पेसमेकर थांबलेल्या ठोक्याच्या जागी ठोका देतो. बेलगाम थरथर सुरू झाली तर ती तो थांबवू शकत नाही. ते काम आयसीडी नावाचं यंत्र करतं. ते आतूनच शॉक देऊन लय परत बसवतं, आणि गरजेला पेसमेकरसारखे ठोकेही देतं. दोन्ही यंत्रं गळपट्टीच्या हाडाखालीच बसतात, पण त्यांच्या तारा वेगळ्या असतात. आधी एक बसवून वर्षभराने दुसरं बसवायचं म्हणजे पुन्हा चिरफाड, पुन्हा तार, पुन्हा जंतुसंसर्गाचा धोका. तारा शिरेत न घालता नुसत्या त्वचेखाली बसवायचाही एक आयसीडी येतो, पण तो मंद नाडीला रोजचे ठोके पुरवत नाही, म्हणून भावासारख्याला त्याचा उपयोग कमी.

मग सरळ आयसीडीच बसवून टाकावा का? घाईने तेही करू नये. तो आकाराने मोठा असतो, महाग असतो, काही वर्षांनी बॅटरी संपली की बदलावा लागतो, आणि कधी कधी गरज नसताना शॉक देतो. पूर्ण शुद्धीत असताना असा शॉक बसलेला माणूस तो विसरत नाही. हॉलंडच्या त्या घराण्यातच पुढे असं दिसलं की त्यांचे मृत्यू बहुधा अति मंद ठोक्यांमुळे होत असावेत, आणि नुसत्या पेसमेकरनेही त्यांचं चांगलं रक्षण झालं. त्यामुळे कुठलं यंत्र हे आधी आजार ओळखून ठरवायचं. तुम्ही डॉक्टरांना शब्दशः एवढंच विचारा : 'घरात झोपेतला मृत्यू आहे हे धरून, याला पेसमेकर पुरेल की आयसीडी लागेल, आणि हे कशावरून ठरवलं?' चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

फौंड्रीचाही उल्लेख करा, तो विसरू नका. इंडक्शन भट्टी आणि आर्क वेल्डिंग यांच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र दोन्ही यंत्रांना चकवू शकतं. पेसमेकरला वाटतं हृदय स्वतः ठोके देतंय आणि तो गप्प बसतो. आयसीडीला वाटतं लय बिघडली आणि तो शॉक देतो. भट्टी इंडक्शनची आहे की कोळशाची, भाऊ तिच्यापासून किती अंतरावर उभा असतो, हे यंत्र निवडण्याआधी कळायला हवं. कदाचित त्याला खात्यात दुसरीकडे बदली मागावी लागेल. त्याला ते आवडणार नाही, पण ऑपरेशननंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तपासण्या फार अवघड नाहीत. हृदयाच्या विजेचे खास डॉक्टर असतात, त्यांना इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट म्हणतात. पुण्या-मुंबईत ते सहज भेटतील. तुमच्या डॉक्टरांना त्यांच्याशी फोनवर बोलायची विनंती करा, भावाचे सगळे ईसीजी त्यांना पाठवा. ब्रुगाडाची खूण लपाछपी खेळते. आज दिसते, उद्या नाही. म्हणून छातीवरच्या पहिल्या दोन तारा नेहमीपेक्षा एक-दोन बरगड्या वर लावून पुन्हा ईसीजी काढतात, आणि तरीही शंका उरली तर सोडियमचं दार थोडं अडवणारं औषध शिरेतून देऊन बघतात. ही चाचणी सगळी तयारी असलेल्या रुग्णालयातच करायची. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय संपवू नका.

दुसरीही कारणं असू शकतात. एचसीएन४ नावाच्या जनुकात दोष असेल तर नाडी घराण्यातच मंद असते. सायनस नोडच्या ठोक्यांची वेळ राखणारा, घड्याळासारखा विजेचा प्रवाह या जनुकामुळे घडतो, तो १९७९ मध्ये हृदयात ओळखला गेला. अशा घरांमधली पुष्कळ माणसं काही त्रास न होता जगतात, पण काहींमध्ये हृदयाच्या स्नायूची ठेवण वेगळी असते किंवा महाधमनी रुंद होते, म्हणून इको नॉर्मल आला तरी त्या दृष्टीने पुन्हा बघावा लागतो. कॅल्शियमच्या साठ्याशी निगडित एक आजार आहे, त्यात विश्रांतीत नाडी मंद असते आणि धावताना किंवा घाबरल्यावर शुद्ध जाते. भाऊ बसल्या जागी पडला, त्यामुळे त्याची शक्यता मला कमी वाटते.

जनुकीय चाचणी करायची तर पहिला नंबर भावाचा, कारण आजार त्याच्यात दिसतोय. साधं रक्त पुरतं. पण निकाल नीट समजून घ्या. ब्रुगाडा असलेल्यांपैकी एससीएन५एमध्ये दोष सापडतो तो साधारण पाचांतल्या एकात. म्हणजे चाचणीत काही निघालं नाही म्हणून आजार नाही असं होत नाही. कधी 'अर्थ अनिश्चित' असाही शेरा येतो, त्यावरून कुणी काही ठरवू नये.

आणि तुमचं पिल्लू. ताई, थोडा श्वास घ्या. दोष वडिलांकडून आला असेल असं धरलं तरी तो तुमच्यात उतरण्याची शक्यता निम्मी. तुमच्यात नसेल तर मुलात या बाजूने येऊच शकत नाही. म्हणून मुलाला सुया टोचण्याआधी तुम्ही स्वतःचा ईसीजी काढा, आणि भावाच्या चाचणीत नेमका दोष सापडला तर तेवढाच तुमच्या रक्तात बघता येतो. दोष असूनही आयुष्यभर ज्यांना काही होत नाही अशी माणसं याच घराण्यांमध्ये भरपूर असतात. मुलाचा एक साधा ईसीजी काढून घ्यायला हरकत नाही. तोवर त्याला खेळू द्या. एकच काळजी घ्या, त्याला आणि भावालाही : ताप आला तर अंगावर काढू नका. बालरोगतज्ज्ञांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं पॅरासिटामॉल लगेच द्या, पाणी पाजा, आणि तापात भोवळ आली किंवा आचके आले तर 'तापाचा झटका' म्हणून घरी न थांबता ईसीजी करून घ्या. भावाने रात्रीचं जड जेवण आणि दारू टाळावी. दाताच्या डॉक्टरांपासून भूल देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ही शंका आधी सांगावी, कारण मनाच्या आजारावरची काही औषधं, भुलेची काही इंजेक्शनं आणि अनियमित ठोक्यांवरच्या काही गोळ्यासुद्धा अशा माणसांना चालत नाहीत.

शेवटी बहिणीचं लग्न. आईंची भीती मला समजते. 'त्या घरात हार्टचं आहे' हा शब्द एकदा गावात फिरला की मुलीचं काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं असणार. पण हे स्थळ परक्याचं नाही, आत्याचं आहे. आत्या म्हणजे तुमच्या वडिलांची सख्खी बहीण, गेलेल्या काकांचीही. दोष तुमच्या वडिलांकडच्या रक्तात असेल तर तो आत्यातही असू शकतो आणि तिच्या मुलातही. लपवायचं कुणापासून, ज्या बहिणीने स्वतःचा भाऊ गमावला तिच्यापासून? तिलाही हे कळण्याचा हक्क आहे, तिच्याही मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

मामाच्या मुलीशी लग्न करायची आपल्याकडची रीत जुनी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण इथे थांबून बघायला हवं. नवरा-बायको दोघांतही तोच दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो दोन्हीकडून मिळण्याची शक्यता चारांत एक. अशी दुहेरी चूक घेऊन आलेल्या मुलांचा सायनस नोड लहानपणापासूनच आजारी असू शकतो. एससीएन५एच्या बाबतीत हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. कॅल्शियमच्या एका दाराच्या बाबतीत, पाकिस्तानातल्या नात्यात लग्नं होणाऱ्या कुटुंबांमध्ये, मंद नाडी आणि जन्मजात बहिरेपण एकत्र आढळलं, ते २०११ मध्ये. म्हणून बहिणीचा आणि आतेभावाचा, दोघांचे ईसीजी काढा, आणि भावाचा जनुकीय निकाल येईपर्यंत साखरपुड्याची तारीख पुढे ढकला. भावात दोष सापडला आणि जनुकीय चाचणीत दोघांपैकी एक जण जरी त्यातून मोकळा निघाला तरी ही दुहेरी भीती जाते. निकालात काही निघालं नाही तर डॉक्टरांशी बोलून ठरवा. आईंना हे तुम्ही एकट्याने सांगू नका. वडिलांना सोबत घ्या. आत्याशी बोलायचं तर तेही त्यांनीच बोलावं, भाऊ म्हणून.

काकूंकडे काकांच्या कागदांची पिशवी असेलच, अशी पिशवी कुणी टाकत नाही. त्यात कुठे जुना ईसीजी निघाला, नोकरीच्या मेडिकलचा असो की हर्नियाच्या ऑपरेशनआधीचा, तर मोबाइलवर आजच त्याचा उजेडात फोटो काढा आणि भावाच्या फायलीला जोडा. त्या चकचकीत कागदावरच्या रेघा वर्षागणिक पुसट होत जातात.